पीएच.डी.चा मार्गदर्शक निवडताना एच-इंडेक्सला किती महत्त्व द्यावे?

प्रश्न : मुलुंडकर

माझ्या मुलीचे एम.एस्सी. पूर्ण झाले असून मुंबईतच कर्करोगाशी संबंधित विषयात पीएच.डी. करण्याचा तिचा विचार आहे. दोन प्राध्यापकांनी तिला विद्यार्थी म्हणून घेण्याची तयारी दाखवली आहे. पहिल्या सरांच्या नावावर गूगल स्कॉलरवर दीडशेहून अधिक लेख आणि ४१ एच-इंडेक्स दिसतो; दुसऱ्या मॅडमचे लेख जेमतेम तीस आणि एच-इंडेक्स १४. सरांचाच आकडा स्कोपस या संशोधनलेखांच्या दुसऱ्या सूचीत मात्र २६ आहे. माझी नोकरी बँकेतली, त्यामुळे या क्षेत्राची मला माहिती नाही. यातला खरा आकडा कोणता, आणि त्यावरून निवड करणे योग्य ठरेल का?

उत्तर : ग्रंथपाल, परळ

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एच-इंडेक्स ४१ म्हणजे प्रत्येकी किमान ४१ सायटेशन, म्हणजे इतर लेखांतून आलेले संदर्भ, मिळालेले ४१ लेख. ही मोजणी जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवली. स्कोपस निवडक नियतकालिकांतील सायटेशनच प्रामुख्याने मोजते, तर गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले लेख), परिषदांमधील सारांश असे जे जे सापडेल ते जमेस धरते, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा असतो. ‘एस. जोशी’ किंवा ‘आर. पाटील’ अशा नावांच्या बाबतीत दुसऱ्याच कोणाचे लेख खात्यात येऊन बसतात, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे आधीचे लेख वेगळ्या नावाखाली राहून जातात. मॅडमचा ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक) असेल तर त्यावरची यादी अवश्य पडताळून पाहा. शिवाय एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतच जातो, सहसा कमी होत नाही. त्यामुळे तीस वर्षे काम केलेल्या व्यक्तीची दहा वर्षे काम केलेल्या व्यक्तीशी या आकड्यावरून तुलना करणे अन्यायाचे आहे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, पॅथॉलॉजी

ग्रंथपालांच्या म्हणण्याला पुढे जोडतो. वैद्यकात लेखकांच्या नावांचा क्रम फार बोलका असतो. पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे ते काम उभे करणाऱ्या ज्येष्ठाचे. मधल्या नावांचा वाटा मोठा असू शकतो, तसाच नाममात्रही असू शकतो. जगभरातील आजारांचा भार मोजणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’सारख्या प्रकल्पांच्या लेखांवर शेकडो सहलेखक असतात, आणि अशा लेखाची सगळी सायटेशन त्यांतील प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात.

दुसरी गोष्ट काळाची. टाटा मेमोरियलमध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. मानेतील लसिका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की त्यांत रोग दिसल्यावर काढाव्यात, हा तिचा प्रश्न होता. रुग्णांची नोंदणी २००४ साली सुरू झाली आणि निष्कर्ष २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले : तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. एवढ्या वर्षांच्या कष्टांचा हा मुख्य लेख एच-इंडेक्सच्या हिशेबात फक्त एक धरला जातो. आपल्या परळच्या भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह १९५२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बॉम्बे रक्तगट या दुर्मीळ रक्तगटाची नोंद केली, तो लेख अवघ्या दोन पानांचा आहे. आज तो रक्तगट पाठ्यपुस्तकांत आहे, रक्तपेढ्यांना तो ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याचा उल्लेख करताना मूळ लेखाचा संदर्भ देण्याची अनेकांना गरजच वाटत नाही. मुंबईच्या वैद्यकातील या मोठ्या कामाचे मोल सायटेशनच्या तक्त्यातून कळणार नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मुलुंडकर

दोघांचेही आभार. मग मुलीने नेमके पाहावे तरी काय?

उत्तर : संशोधक विद्यार्थिनी

तिने पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर दोघांचेही गेल्या सहा-सात वर्षांतील लेख काढावेत आणि ज्यांत प्राध्यापकांचे नाव शेवटी आहे तेवढेच बाजूला घ्यावेत. त्या लेखांवर पहिले नाव कोणाचे आहे? ते त्यांच्या विद्यार्थ्यांचे असेल, आणि वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे असेल, तर त्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला त्याच्या कामाचे श्रेय मिळते असे समजायला हरकत नाही. एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर पबमेडवर तशी ठळक सूचना दिसते. ती दिसल्यास कारण वाचावे, कारण प्रामाणिक चूक स्वतःहून कळवून लेख मागे घेणे आणि आकृत्यांत फेरफार सापडणे यांत फार अंतर आहे. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहून मात्र भुलू नये : ती त्या नियतकालिकातील आधीच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी असते, एखाद्या लेखाची वा माणसाची गुणवत्ता नव्हे. व्यक्तीचे मूल्यमापन त्यावरून करू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे.

त्यानंतर दोघांचे दोन-दोन लेख तिने पूर्ण वाचावेत आणि त्यांच्याकडून पीएच.डी. झालेल्या कोणाशी तरी, प्राध्यापकांच्या गैरहजेरीत, बोलावे. प्रबंधाला किती वर्षे लागली आणि शिष्यवृत्ती संपल्यावर काय केले, हे दोन प्रश्न विचारायला तिने अजिबात संकोचू नये.