ज्युनिअर गटातील जोडीच्या पदकाला किती वजन द्यावे?

प्रश्न
जागतिक ज्युनिअर फिगर स्केटिंग स्पर्धेचे जुने निकाल चाळताना असे लक्षात आले की, पेअर स्केटिंगमधील (एक मुलगा व एक मुलगी यांच्या जोडीच्या प्रकारातील) काही विजेत्यांची नावे पुढे सीनियर गटात दिसतात खरी, पण शेजारचे नाव बदललेले असते. मग जोडीच्या ज्युनिअर पदकावरून पुढचा अंदाज बांधता येतो का?

पहिला प्रतिसाद
वयाचे नियम आधी पाहावेत. वय हंगामाआधीच्या १ जुलैला मोजले जाते आणि ज्युनिअर गटासाठी ते किमान १३ असावे लागते. वरची मर्यादा जोडीतील मुलासाठी मुलीपेक्षा सैल आहे. सीनियर गटाचे किमान वय मात्र आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या २०२२ च्या निर्णयानुसार १५ वरून टप्प्याटप्प्याने वाढून २०२४-२५ च्या हंगामापासून १७ झाले. त्यामुळे मुलगा ज्युनिअर गटाबाहेर गेला आणि मुलगी अजून १६ चीच असली, तर ती जोडी धड इकडची राहत नाही, धड तिकडची होत नाही.

दुसरा प्रतिसाद
नियमांपेक्षा उंची अधिक छळते, असे माझे मत आहे. ट्विस्ट लिफ्टमध्ये मुलगा मुलीला वर फेकतो, ती हवेत आडवी गिरक्या घेते आणि तो तिला कमरेशी झेलतो. झेल स्वच्छ असेल तर तिचा हात किंवा अंग त्याच्या छातीखांद्याला लागत नाही. वर्षभरात ती चार बोटे वाढली की तोच झेल उशिरा बसतो आणि ती त्याच्या खांद्यावर आदळते. शिवाय ज्युनिअर गटातील फ्री स्केट (स्पर्धेतील दुसरे, लांब सादरीकरण) साडेतीन मिनिटांचा असतो, तर सीनियर गटातील चार मिनिटांचा. थकलेल्या पायांना ही वाढीव तीस सेकंद फार जड जातात.

तिसरा प्रतिसाद
जोडी फुटली म्हणजे कारकीर्द बुडाली, असे मात्र मुळीच नाही. क्रिस्टी यामागुची आणि रूडी गॅलिंडो १९८८ मध्ये ज्युनिअर विश्वविजेते झाले (ती डावीकडे गिरकी घेई, तो उजवीकडे, हे दृश्यच और होते). पुढे यामागुचीने १९९२ चे ऑलिंपिक सुवर्ण एकेरीत मिळवले. आल्योना साव्चेंको २००० मध्ये स्तानिस्लाव मोरोझोवबरोबर युक्रेनसाठी ज्युनिअर विश्वविजेती ठरली, नंतर जर्मनीकडून रॉबिन झोल्कोवीबरोबर तिने पाच विश्वविजेतेपदे जिंकली. याउलट चीनच्या सुई वेन्जिंग आणि हान त्सोंग यांनी २०१० ते २०१२ अशी सलग तीन ज्युनिअर विजेतेपदे मिळवली आणि सुईच्या दोन्ही पावलांच्या शस्त्रक्रियेनंतरही साथ सोडली नाही. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये या दोन्ही वाटा समोरासमोर आल्या. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर (पहिल्या, छोट्या सादरीकरणानंतर) चौथ्या स्थानावर असलेल्या साव्चेंकोने नवा जोडीदार ब्रुनो मासो याच्याबरोबर सुवर्ण जिंकले, ते सुई-हान जोडीपेक्षा अवघ्या ०.४३ गुणांनी.

प्रश्नकर्ता
म्हणजे निकाल पाहताना जोडीचे नाव न शोधता दोघांची नावे वेगवेगळी शोधायला हवी होती. यादी पुन्हा काढतो.