'टेक' या एका क्रियापदाला एवढे अर्थ आले कुठून?

कच्चालिंबू:
इंग्लिशमधलं टेक आता डोक्यात जायला लागलंय. फोटो टेक, औषध टेक, परीक्षा पण टेक आणि मागे ऑफ, इन, आफ्टर असं शेपूट लागलं की अर्थ भलतीकडेच. टेक ऑफ म्हणजे विमान उडणं पण आणि कपडे काढणं पण?? यात काही लॉजिक आहे का नुसती घोकंपट्टीच करायची? आणि मुळात हा शब्द आला कुठून?

खोडरबर:
मुळात तो इंग्लिशच नाहीये, व्हायकिंगांचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दी लुटारूंचा आहे. त्यांनी ७९३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, पुढे इंग्लंडातच वस्ती करून राहिले, तिथल्या लोकांत मिसळले आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं 'टाका' इंग्लिशमध्ये शिरलं. त्याआधी घेणे या अर्थी घरचा शब्द होता 'निमन', जर्मनमधलं नेहमेन त्याचंच भावंड. टेकने त्याला हळूहळू पार हुसकावून लावलं. तरी खुणा राहिल्यात, नम्ब म्हणजे बधिर, मूळ अर्थ 'धरला गेलेला' (तो न उच्चारायचा शेवटचा ब नंतर उगाच चिकटवलाय), आणि निम्बल म्हणजे चपळ, चटकन पकडणारा. बाय द वे गेट पण नॉर्सच, आणि दे, देम ही सर्वनामंसुद्धा. सर्वनामं उसनी घ्यायची म्हणजे कमालच ना.

पानगळ:
घोकू नकोस. टेक म्हणजे हाताने धरणं एवढंच पक्कं ठेव, पुढचं शेपूट दिशा सांगतं. ऑफ म्हणजे सुटून वेगळं होणं, कपडे अंगापासून आणि विमान जमिनीपासून, झालं. इन म्हणजे आत, कुणाला घरात आसरा दिला तरी टेक इन, ऐकलेलं डोक्यात शिरलं तरी टेक इन, सैल कपडा शिवण आत घेऊन घट्ट केला तरी टेक इनच. फसवणे हा त्याचा अर्थ मात्र थोडा ओढूनताणून बसवावा लागतो, जाळ्यात घेतलं असं समज. टेक आफ्टर म्हणजे आईवर किंवा बापावर जाणं, ते मित्राबद्दल वापरू नको, रक्ताचं नातं लागतं. आणि इंग्लिशला कशाला नावं ठेवतोस, आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते आणि लग्नही लागतं :)

कच्चालिंबू:
लग्न लागतं वर हसलो. मग टेक विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट? त्यात मीठ कुठून आलं?

खोडरबर:
रोमन लेखक प्लिनीकडे बोट दाखवतात. रोमन सेनापती पाँपेने मिथ्रिडेटिस राजाला हरवल्यावर त्याच्याकडे विषावरच्या उताऱ्याची कृती सापडली असं तो लिहितो, दोन सुके अक्रोड, दोन अंजिरं, सताब या औषधी झुडपाची वीस पानं एकत्र कुटून त्यात मिठाचा कण घालायचा. पण तिथे मीठ म्हणजे खरंच मीठ आहे, 'ऐकीव गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवू नको' हा अर्थ त्याला खूप नंतर चिकटला, त्यामुळे ही व्युत्पत्ती पण जरा मीठ लावूनच घे.

कच्चालिंबू:
हाहा ओके. आणि टेकन इल? तिथे कोण कुणाला घेतं?

पानगळ:
आजार माणसाला घेतो. आपण नाही का म्हणत, तापाने धरलंय.