मदत हवी आहे : रॉयल पायथनच्या पेटीत रात्री ऊब टिकत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो आणि गेली तीन वर्षे आमच्याकडे शंभू नावाचा नर रॉयल पायथन आहे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान, बिनविषारी अजगर असून तो पाळण्यासाठी येथे परवाना लागत नाही. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरी ठेवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.)

गेल्या मंगळवारी सकाळी पेटीची काच सरकवली तेव्हा उग्र वास आला आणि चार दिवसांपूर्वी खाल्लेला उंदीर पाण्याच्या भांड्याशेजारी ओल्या केसांसकट पडलेला दिसला. सापाला पचनासाठी लागणारी ऊब बाहेरूनच मिळवावी लागते आणि ती कमी पडली की तो खाल्लेले उलटून टाकतो, हे ठाऊक असल्यामुळे माझ्या काळजात चर्र झाले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला तपासले. श्वसनसंसर्ग नाही, परंतु तापमान आधी सुधारा, असे त्यांनी बजावले.

पेटी लाकडी असून १२० × ६० × ६० सेंटिमीटरची आहे. एका टोकाला छतावर जाळीच्या आवरणात १०० वॅटचा सिरॅमिक हीटर आहे आणि थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलेला आहे. त्याच्या पडद्यावर कायम ३२ दिसते, म्हणून मी निश्चिंत होते. परवा मात्र इन्फ्रारेड तापमापकाने मोजले, तर हीटरखालच्या फरशीचा पृष्ठभाग जेमतेम २७ अंश निघाला. आमचे घर जुने आहे, रात्री हीटिंग बंद केल्यावर खोली १४ अंशांपर्यंत उतरते आणि पहाटे पेटीचे थंड टोक २० वर येते. थर्मोस्टॅटचा सेन्सर हीटरखाली साधारण १५ सेंटिमीटरवर हवेत लोंबतो आहे. चूक तिथे आहे का, की दुसरा हीटर बसवावा लागेल? आणि त्याला पुन्हा खायला केव्हा द्यावे?

प्रतिसाद

चूक सेन्सरच्या जागेत आहे. हीटरजवळची हवा लवकर तापते, सेन्सरला ३२ मिळतात, वीज कमी होते आणि फरशी थंडच राहते. सेन्सर फरशीवर, हीटरच्या बरोबर खाली पक्का बसवा, म्हणजे शंभू सरकवू शकणार नाही, आणि दिवसातून दोनतीन वेळा पृष्ठभाग मोजून ३१ ते ३३ अंश मिळेपर्यंत थर्मोस्टॅट थोडाथोडा बदलत राहा. पडद्यावरचा आकडा हा सेन्सरचा असतो, सापाच्या पोटाखालचा नव्हे.

थंड टोक २४ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी लगेच दुसरा हीटर घेण्याआधी पेटीच्या मागच्या व दोन्ही बाजूंना आणि तळाला बाहेरून थर्मोकोल लावून पाहा. हवेची छिद्रे मात्र मोकळी ठेवा. तरीही तापमान उतरले, तर कमी वॅटचा दुसरा हीटर घ्या, पण त्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट हवाच. थर्मोस्टॅटविना लावलेल्या हीटरने साप भाजल्याचे मी पाहिले आहे.

उलटी झाल्यापासून किमान दोन आठवडे खायला देऊ नका, हाताळू नका, पाणी ताजे ठेवा. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या.

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. काल दुपारी सेन्सर फरशीवर बसवला आणि थर्मोकोल लावले. आज पहाटे पाच वाजता उठून मोजले, तेव्हा उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१.५ आणि थंड टोक २४ अंश होते. शंभू कित्येक दिवसांनी हीटरखालच्या लपणात वेटोळे घालून बसला आहे. आता मात्र हीटर अधिक वेळ चालत असल्यामुळे आर्द्रता ६० टक्क्यांवरून ४५ वर आली आहे. पाण्याचे भांडे उबदार बाजूला सरकवावे, की लपणात ओले शेवाळ ठेवणे अधिक बरे?