मकबरा करडा येतोय, लाइट मीटर कसा धरायचा?

परभणीकर: फिल्म कॅमेऱ्यातला मीटर गेलाय म्हणून सेकंडहँड हातातला लाइट मीटर घेतला. बीबी का मकबऱ्याकडं धरून रीडिंग घेतलं अन् रोल धुऊन आला तर पांढरा मकबरा करडा, कामून? मीटर खराब हाय का?

जालनावाला: मीटर ठीक असणार राव. तू परत येणारा उजेड मोजला, अन् मीटरला पांढरं-काळं कळत नाही, सगळं १८ टक्के करडं (पडलेल्यातला १८ टक्के उजेड परत टाकणारं) धरूनच चालतो. मीटरवरचा पांढरा गोळा सरकवून सेन्सरवर आण अन् मकबऱ्यापाशी उभं राहून गोळा कॅमेऱ्याकडं कर. ऊन दोन्हीकडं सारखं असलं तर एवढं चालायची पण गरज नाही, मकबऱ्याकडं पाठ करून जागेवरूनच घे.

उदगीरकर: वेरूळला उलटं होतं बरं, कैलास लेण्याचा काळा दगड तसाच मोजला की फिकट येतो. मीटरवरचा आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) बघितला का? मी एकदा ४०० चा रोल टाकून मीटर १०० वर ठेवला, अख्खा रोल दोन स्टॉप ओव्हर, म्हणजे चौपट जादा उजेड.

परभणीकर: आयएसओ बरोबर होता. पण तो गोळा सरकतो हेच माहीत नव्हतं, मला वाटलं धुळीचं झाकण हाय 😄