मदत हवी आहे: जॅझ कॉम्पिंग – कॉर्ड सगळे येतात, एकत्र वाजवलं की नुसता गोंगाट

अर्धवट_राग
नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे. जॅझ कॉम्पिंग (कॉर्ड वाजवून साथ करणं) शिकतोय. सेव्हन्थ, नाइन्थ, थर्टीन्थ सगळे कॉर्ड पाठ आहेत, बोटं बरोबर पडतात, लयही सुटत नाही. एकेकटं वाजवलं तर बरं वाटतं. एकत्र वाजवलं की नुसता गोंगाट. पुढच्या महिन्यात घरगुती बैठक आहे, त्याआधी सुधारायचंय. कृपया 'भरपूर ऐका' आणि 'रियाझ करा' सोडून काहीतरी सांगा, ते सगळ्या यूट्यूबवाल्यांनी सांगून झालंय.

तिहाई
एकत्र म्हणजे कोणाबरोबर? तबला? वऱ्हाडी मंडळी?

फ्रेटफळ
गिटार असेल तर एकच उत्तर: फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात १९३७ पासून १९८७ मध्ये जाईपर्यंत हा माणूस दर बारमध्ये (चार बीटच्या आवर्तनात) चार फटके मारत बसला, अँप्लिफायरशिवाय. कॉर्डचा पूर्ण आकार धरायचा, पण ऐकू यायचे कधी तीन, कधी दोन, कधी एकच स्वर, बाकीच्या तारा डाव्या हाताने दाबून मुक्या. चार फटके, छोटे, कोरडे. बाकी सगळं विसरा.

निळासावळा
वाद्य कोणतं हेच लिहिलेलं नाही आणि उत्तर आलंसुद्धा. अर्धवट_राग, वाद्य? सोबत कोण? गाणं कोणतं, पट्टी कोणती, लय किती?

आजोबा_पेटीवाले
भरपूर ऐका. रियाझ करा.

अर्धवट_राग
आजोबा, धन्यवाद.
निळासावळा, मी गिटार (प्रोफाइलवर आहेच), मावसभाऊ कीबोर्डवर. एफमध्ये बारा बारचा ब्लूज. लय मध्यम.

निळासावळा
हं, गिटार आणि पियानो. मग गोंगाट होणारच. दोघंही मधल्या सप्तकात, दोघंही पाच-पाच स्वरांचे कॉर्ड, दोघंही आपापल्या मनाने फटके मारणार. पियानोवाला नाइन्थ घेतो तिथे तुम्ही फ्लॅट नाइन घेतलात की झालंच.

पहिलं काम म्हणजे रूट (कॉर्डचा पायाचा स्वर) सोडा, ते बेसवाल्याचं काम. कॉर्ड ओळखू येतो तो तिसऱ्या आणि सातव्या स्वराने. गिटारवर एफ सेव्हनसाठी चौथ्या तारेवर सातवा फ्रेट, तिसऱ्या तारेवर आठवा. झाले ए आणि ई फ्लॅट. बी फ्लॅट सेव्हन हवा? दोन्ही बोटं एक फ्रेट खाली. सी सेव्हन? एफच्या जागेपासून एक फ्रेट वर. आकार तोच. ब्लूजचे तिन्ही मुख्य कॉर्ड तीन फ्रेटच्या आत संपले.

पियानोवर डाव्या हाताने एफसाठी खालून वर ई फ्लॅट-जी-ए-डी. बी फ्लॅटला डी-जी-ए फ्लॅट-सी. जी जागेवर, बाकीचे तीन अर्ध्या-एका स्वराने खाली. हे सगळं मधल्या सीच्या आसपासच ठेवा. सप्तकभर खाली नेलंत की चिखल.

फ्रेटफळ
दोन स्वरांत काय मजा? आणि चार फटके सोडून गिटारवाल्याने करायचं काय, हात बांधून उभं राहायचं?

निळासावळा
कधीकधी हो. आणि बेसीचं उदाहरण देताना बेसी स्वतः पियानोवर किती कमी वाजवायचा तेही सांगा की. इथे दोन स्वर, तिथे एक, मग आठ बार गप्प. म्हणून ग्रीनचे चार फटके बसले. वर एक कीबोर्डवाला दहा बोटांनी सुटलेला असेल तर तुमचे चार फटके म्हणजे निव्वळ खडखड.

तिहाई
+१. दोघं एकदम एकाच दारातून बाहेर पडायला बघतायत, एवढंच आहे हे. बाय द वे, ड्रम आहे का?

चिकटपट्टी
गिटार कोणती ते कोणीच विचारलं नाही. सॉलिड बॉडीवर जॅझ वाजवणं म्हणजे स्वतःला त्रास. पोकळ आर्चटॉप घ्या, फ्लॅटवाउंड तारा लावा, ०.०१२ पासून सुरू होणारा संच, टोनचा नॉब अर्ध्याच्या खाली. माझ्याकडे दोन आहेत, फोटो हवे असतील तर सांगा.

अर्धवट_राग
गिटार बदलायची नाहीये.
निळासावळा, दोन बोटांचं करून बघितलं. छान आहे, पण आता सगळंच हवेत लोंबकळतंय. मावसभाऊही तुम्ही सांगितलेले स्वर वाजवतोय. कॉर्ड कुठे बदलला तेच कळत नाही, बहीण तर म्हणते तिला सूरच सापडत नाही.

निळासावळा
बहीण?

अर्धवट_राग
गाते ना ती. बैठक तिचीच आहे.

तिहाई
😂😂 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निळासावळा
बरं. आणि बेस कोण वाजवतंय?

अर्धवट_राग
बेस नाही. ड्रमही नाही. बेसवाल्याचं लग्न आहे.

निळासावळा
अहो, मग हे आधी सांगायचं ना! बेस नसताना दोघांनी रूट सोडला तर गायिकेने उभं कशावर राहायचं? वरचा सल्ला बेस असताना. बेस नसेल तर एका वेळी एकाने तळ धरायचा. दोघांनी नाही, एकाने. म्हणजे मावसभाऊ डाव्या हाताने बारमध्ये दोनच स्वर वाजवेल, पहिल्या बीटला रूट, तिसऱ्याला फिफ्थ. एफ-सी, बी फ्लॅट-एफ. उजवा हात जवळजवळ रिकामा. त्या वेळी तुम्ही दोन बोटं. मग पियानो सोलोला गेला की तळ तुमच्याकडे.

फ्रेटफळ
आणि तळ गिटारकडे आला की काय करायचं? चार फटके, सहाव्या तारेवर रूट, वर तिसरा-सातवा. म्हणजे फ्रेडी ग्रीनच. बोला.

निळासावळा
ठीक आहे, तिथे तुमचं खरं. बिल एव्हान्स आणि जिम हॉलने १९६२ मध्ये फक्त पियानो-गिटारची रेकॉर्ड केली, बेस नाही, ड्रम नाही. पियानो पुढे गेला की हॉल काही ठिकाणी सरळ चार फटक्यांवर येतो आणि पूर्ण चौकट एकटा पेलतो. पण हॉल गाणं सांगायला लागला की एव्हान्स किती बाजूला सरतो तेही ऐका. (ऐका म्हटलं, क्षमस्व.)

फ्रेटफळ
हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं होतं.

तिहाई
नव्हतं म्हटलं.

आजोबा_पेटीवाले
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. गायक जे घेतो ते पेटीने पाठोपाठ घ्यायचं, त्याने दम घेतला की मधली जागा भरायची. ताईच्या मागे तेच करा. साथ ती साथ.

निळासावळा
आजोबा, नेमकं तेच इथे अडचणीचं ठरतं. पेटीच्या साथीत गायकाची फिरत पकडणं ही कला. इथे गायिकेचे स्वर कॉर्डच्या वरच्या टोकाला वाजवले की ती अडकते, कारण तिला ओढून-ताणून, बीटच्या मागे म्हणायचं असतं आणि तुम्ही तो स्वर आधीच छापून मोकळे. तिच्या स्वरांच्या खाली राहा. मधली जागा भरायची हे मात्र शंभर टक्के बरोबर. ब्लूजची ओळ चार बारची, गाणं साधारण पहिल्या दोन-अडीच बारमध्ये संपतं आणि पुढची जागा उत्तरासाठी असते. अट एकच, उत्तर एकाने द्यायचं. पहिल्या ओळीला गिटार, दुसरीला पियानो, तिसरीला कोणी दिलं नाही तरी चालेल.

आजोबा_पेटीवाले
हे पटलं. आमच्यात तबलजी आणि पेटीवाला एकदम सुटले की बुवा मागे वळून बघायचे. त्या नजरेत सगळं आलं.

मडगांवचो
अवांतर: पियानो-गिटारचा विषय निघालाच आहे तर मुंबईतल्या आमच्या गोंयकारांची आठवण ठेवा. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमा. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. त्याआधी तीसच्या दशकात ताजमध्ये टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवाला होता, आमच्या लोकांनी स्विंग प्रत्यक्ष तिथे ऐकला. १९७८ ला रंगभवनात पहिली जॅझ यात्रा (जॅझ महोत्सव) झाली तेव्हा सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स आला होता. शिकवणारी मंडळी अजून आहेत, बांद्र्यात विचारा.

सौ_सुरेल
छान माहिती. माझ्या मुलाला (वय ९) पियानो लावायचाय, कोथरूडमध्ये चांगला क्लास आहे का? जॅझ नको, साधाच.

तिहाई
ताई, वेगळा धागा काढा ना.

अर्धवट_राग, लयीबद्दल कोणी बोललंच नाही. 'लय सुटत नाही' असं तुम्ही म्हणता, पण मेट्रोनोम कशावर लावता? चारही बीटवर लावत असाल तर काढा. ६० वर लावा आणि तो टोला दोन आणि चार आहे असं धरा, म्हणजे गाणं १२० ला चाललं. पहिल्यांदा पाय घसरेल. मग एकच नमुना घ्या: पहिला बीट, आणि दोननंतरचा ऑफबीट (दोन आणि तीनच्या बरोबर मधला). बास. पूर्ण बारा बार दुसरं काही नाही. पियानोवाला रेड गार्लंड माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये असताना डाव्या हाताने दोननंतरचा आणि चारनंतरचा ऑफबीट धरायचा, तो दुसरा नमुना. एकाने पहिला घ्यायचा, दुसऱ्याने त्यात पडायचं नाही.

अर्धवट_राग
हे सगळं करून रेकॉर्ड केलंय, ड्राइव्हवर टाकलंय, लिंक प्रोफाइलवर. पूर्वीपेक्षा बरं आहे, तरी कुठेतरी घाण वाटतंच. प्लीज कोणीतरी ऐका.

फ्रेटफळ
ऐकलं. गिटार चांगली आहे. फटके लांब आहेत, बोट लगेच उचला.

निळासावळा
हेडफोन लावून ऐकलं. पाचव्या बारला थांबून ऐका. तुम्ही बी फ्लॅट सेव्हनवर गेलात, दोन बोटं बरोबर खाली सरकली, ए फ्लॅट वाजला. पण चौथ्या बारमधल्या एफ सेव्हनचा ए कीबोर्डवर अजून जिवंत आहे. दोन्ही एकदम वाजतायत. नवव्या-दहाव्या बारला तर आधीच्या तीन कॉर्डचं सगळं पीठ साचलंय. मावसभाऊंचा पाय सस्टेन पेडलवर (स्वर लांबवणाऱ्या) आहे का?

मावसभाऊ_तोच
नमस्कार, मीच तो. धागा आज कळला. पेडल दाबल्याशिवाय कीबोर्ड खेळण्यासारखा वाजतो, म्हणून दाबतो. आणि हे महाशय सांगत नाहीत, पण त्यांचा अँप माझ्या कानाला लावलेला असतो. मला माझंच ऐकू येत नाही, म्हणून मी जोरात वाजवतो.

तिहाई
आला, खरा धागा आता सुरू झाला.

अर्धवट_राग
अँप खोलीत दुसरीकडे ठेवायला जागा नाही हे तुला माहीत आहे.

मावसभाऊ_तोच
जमिनीवर ठेवलाय, तोंड माझ्याकडे. खुर्चीवर ठेव, तोंड स्वतःकडे कर.

निळासावळा
दोघंही ऐका. मावसभाऊ, पेडल काढून कपाटात ठेवा. कॉर्ड लहान तोडा, बोटांनीच धरा आणि सोडा. सुरुवातीला कोरडं वाटेल, त्या कोरडेपणातच स्विंग ऐकू येतो. बॅलडला पेडल परत आणा, तेही कॉर्ड बदलताना पाय उचलून. अर्धवट_राग, गिटारचा आवाज इतका ठेवा की बहिणीचे शब्द तुम्हाला माइकशिवायही कळले पाहिजेत.

चिकटपट्टी
छोट्या खोलीला पोकळ गिटार बिनअँपचीसुद्धा चालते. फोटो टाकतोय.

फ्रेटफळ
पहिल्यांदाच चिकटपट्टींशी सहमत.

मडगांवचो
पियानोवाल्या ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटात १९५३ ते ५८ ड्रमवाला नव्हता, हर्ब एलिस तारा मुक्या करून गिटारवरच बोंगोसारखं ठोकायचा. तुमचा ड्रमवाला नाही ना, ते करून बघा.

निळासावळा
नको हो, आत्ता नको. आधी दोन बोटं.

अर्धवट_राग
पेडल काढलं. अँप खुर्चीवर. बहीण म्हणाली 'आता माझं मला कळतंय'. आता शेवटचं: अकरा-बाराव्या बारला एफ, डी, जी मायनर, सी असे अर्ध्या-अर्ध्या बारचे कॉर्ड येतात. तिथे माझी दोन बोटं धावपळ करतात आणि तळ डगमगतो.

निळासावळा
तळ कोणाकडे आहे त्या वेळी?

मावसभाऊ_तोच
माझ्याकडे. मी चारही रूट वाजवतोय.

निळासावळा
मग गिटारने तिथे फक्त सी सेव्हनचा एक फटका मारायचा, बाराव्या बारमध्ये दोननंतरच्या ऑफबीटला. तीन कॉर्ड सोडून द्या, मावसभाऊंच्या डाव्या हातातून ते कळतायत.

फ्रेटफळ
किंवा चार फटके.

सौ_सुरेल
वेगळा धागा काढलाय, कोथरूडवाल्यांनी कृपया तिकडे बघावं.