मदत हवी आहे: आबाजींची मातीची चिलीम, बाबांचा खोकला आणि जडीबुटीची पुडी

पळसफूल (रविवार, सकाळी १०.२०)

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, राहते मानेवाड्याला, माहेर महालात. प्रश्न बाबांचा आहे. वय ७१. चाळीस वर्षं बीडी ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली ती एकदाची सोडली. पण छातीतला खोकला काही गेला नाही. थंडी पडली की पहाटे चारपासून सुरू होतो, आणि सगळं घर जागं होतं.

दिवाळीनंतर माळ्यावरची पेटी काढली तर आबाजींच्या पटक्यात गुंडाळलेली चिलीम निघाली. आबाजी म्हणजे माझे आजोबा, काटोलकडे त्यांची शेती होती. वीतभर लांब, सरळ, भाजलेल्या मातीची. वरचं तोंड फुलपात्रासारखं उघडं, खाली निमुळती होत गेलेली, मधोमध आरपार भोक. ओठाकडच्या टोकाला पितळी कडं बसवलंय. आतून पार काळी. हलवली की आत काहीतरी वाजतं, म्हणून उलटी करून पाहिली तर बोराच्या बीएवढा एक खडा निघाला, बाजूला खाचा पाडलेला. आबाजींना जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी नाकाजवळ नेली तर वास येतो.

बाबांना ती पाहून फार बरं वाटलं. मग त्यांनी बाजाराच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याकडून खोकल्याची पुडी आणली, १५० रुपयांची. तो म्हणाला, यात तंबाखू नाही, गांजा नाही; तुळस, अडुळसा, ओवा, ज्येष्ठमध आणि दम्यावरचा एक रानातला पाला आहे. चिलमीत भरून दोन झुरके घ्या, कफ सुटेल. बाबांचं म्हणणं, चरकानंही धूमपान सांगितलंय, मग त्यात वाईट काय? आईचं म्हणणं, धूर तो धूर. मी दोघांच्या मधे.

तर विचारायचंय असं, की इतकी जुनी मातीची चिलीम साफ कशी करायची? तो खडा कशासाठी असतो? ओढायची नेमकी पद्धत काय? बाबांनी नुसतीच तोंडाला लावली तर जीभ पोळली. आणि मुख्य म्हणजे, तंबाखू नसलेला पाला खरंच चालतो का? कुणी वैद्य असतील तर कृपया सांगा.

जाता जाता, काल संध्याकाळी सहाला त्यांनी चार-पाच झुरके घेतले. खोकला खरंच कमी झाला. पण रात्रीपासून तोंडाला इतकी कोरड आहे की पोळी गिळवत नाही, आणि लघवी झालेली नाही. प्रोस्टेटची गोळी चालू आहे, तोच त्रास वाढला असेल म्हणून उद्या डॉक्टरांकडे नेणार आहे. आज पेपर हातात धरला तर अक्षरं दिसेनात म्हणाले. आई सांगते, रात्रभर चादरीवरून काहीतरी वेचत होते. झोपेत असतील.

जुनं_महाल (१०.४१)

ताई, चिलमीचं मी सांगू शकतो, आमच्याकडे आजोबांची बैठक असायची. ओठ चिलमीला लावायचेच नसतात. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळतात, तिला छापी म्हणतात. मग चिलीम उभी धरून, दोन्ही हातांची मूठ वळून अंगठ्याजवळच्या फटीतून ओढ घेतात. हुक्क्यात धूर पाण्यातून येतो, इथे सरळ नळी, त्यामुळे निखाऱ्याची धग थेट घशात जाते. छापीनं ती थोडी निवते आणि राखेचे कण अडतात, एवढंच. धुरातलं बाकी सगळं आत जातंच.

खडा गळ्याशी अडकून बसतो. पाला खाली ओघळू नये आणि हवा मात्र खाचांतून यावी, यासाठी तो. हरवू नका, चिलमीबरोबरचा खडा जपून ठेवायची रीत आहे.

साफ करायला साबण, डेटॉल, रॉकेल काही लावू नका. विनाझिलईची माती सगळं पिऊन घेते आणि पुढच्या वेळी तेच धुरातून बाहेर येतं. जुन्या धोतराची चिंधी पिळून भोकातून ओढून घ्यायची, मागेपुढे, चिंधी कोरी निघेपर्यंत. आतलं काजळ फारच मुरलं असेल तर अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवून जाळतात, मग राखेतच निवू देतात. गरम असताना पाणी लागलं तर तडकते. कडं आधी काढून घ्या. आणि भेग असेल तर विस्तवात घालूच नका.

तिसरा_प्रहर (१०.५२)

पळसफूल, चिलीम बाजूला ठेव आणि बाबांना आत्ता दवाखान्यात ने. उद्या नाही, आत्ता. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते.

तू जे जाता जाता लिहिलंयस तेच मुख्य आहे. तोंडाला कोरड, लघवी अडलेली, जवळचं न दिसणं, चादरीवरून नसलेलं वेचणं, ही सगळी धोतऱ्याची लक्षणं आहेत. दम्यावरचा रानातला पाला म्हणजे बहुतेक वेळा धोतराच. त्यात अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन, स्कोपोलामीन असतं. श्वासनळी सैल होते, म्हणून खोकला खरंच कमी वाटतो. पण त्याच द्रव्यानं मूत्राशयही आकसायचं थांबतं, आणि ज्याची प्रोस्टेट वाढलेली आहे त्याची लघवी तुंबते. सतरा तास होत आलेत.

निघण्याआधी दोन मिनिटांत हे बघ. उजेडात उभं करून डोळ्यांच्या बाहुल्या बघ, मोठ्या दिसतायत का. अंग गरम आणि कोरडं आहे का, घाम आहे का. पुडीतलं मिश्रण पांढऱ्या कागदावर पसर. वाळलेल्या पानांवरून काही कळणार नाही, पण बिया असतील तर कळेल. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं चपटं, पिवळट तपकिरी, एका बाजूनं मूत्रपिंडासारखं वळलेलं असतं. उरलेली पुडी आणि चिलीम दोन्ही सोबत घे. लघवी व्हावी म्हणून पाणी पाजत बसू नकोस, तुंबलेल्यावर आणखी भर पडेल. उलटी करवू नकोस. एकटं चालू देऊ नकोस, तोल जातो. गाडी नसेल तर १०८.

पळसफूल (११.०४)

बाहुल्या खूप मोठ्या आहेत. अंग तापलंय, घाम नाही. कागदावर सात बिया निघाल्या, तुम्ही म्हणालात तशाच. ओटीपोट टणक लागतंय. भाऊ गाडी काढतोय, मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतोय.

नागनदीकाठ (दुपारी १.१५)

ताईचे बाबा बरे होवोत. पण एक बोलतो, रागावू नका. आमच्या आज्याले दमा होता. धोतऱ्याची पानं वाळवून चिलमीत ओढायचा, वीस वर्षं ओढली, काही झालं नाही बाप्पा. काहून एवढं भ्यायचं? औषधच आहे ते.

तिसरा_प्रहर (१.३८)

भाऊ, तुमचा आजा खोटं सांगत नव्हता, त्याला आराम पडतच असणार. एके काळी दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी दुकानात मिळायच्या. आज डॉक्टर इनहेलरमधून इप्राट्रोपियम देतात, तेही अ‍ॅट्रोपीनवरूनच बनवलेलं आहे. फरक मापाचा आहे. इनहेलरच्या एका फवाऱ्यात किती औषध आहे हे ठरलेलं असतं, आणि ते फुफ्फुसातून रक्तात फार उतरत नाही, मेंदूत जात नाही. पानाचं तसं नाही. एका झाडाच्या पानात कमी, शेजारच्या झाडाच्या पानात जास्त, बीत तर त्याहूनही जास्त. तुमच्या आज्यानं ओळखीचं झाड वापरलं असेल, सवयही झाली असेल. इथे ७१ वर्षांचा माणूस, प्रोस्टेटचा रुग्ण, आणि पुडीत काय किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. काचबिंदू असलेल्या माणसानं हेच ओढलं तर डोळ्यांतला दाब वाढून नजर जाऊ शकते.

मुळाक्षर (संध्याकाळी ५.३०)

मी आयुर्वेदाचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. काका बरे आहेत ना, आधी तेवढं कळवा.

चरकानं धूमपान सांगितलंय, या काकांच्या मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं, कारण हा गैरसमज मला ओपीडीत रोज भेटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपान आहे, हे खरं. पण ते चिलमीत पाला जाळणं नव्हे. वेलची, चंदन, वाळा, जटामांसी, गुग्गुळ, ज्येष्ठमध अशा द्रव्यांचं वाटण बोरूच्या काडीवर लेपून आठ अंगुळं लांबीची वात करायची, सुकल्यावर काडी काढून घ्यायची, तूप लावून ती धूमनेत्राच्या टोकाला पेटवायची. हे धूमनेत्र म्हणजे सरळ नळीच, चिलमीची दूरची बहीण म्हणा. पण तिची लांबी बघा: रोजच्या प्रयोगाला ३६ अंगुळं, स्नेहनाला (स्निग्ध धुराला) ३२, विरेचनाला (डोक्यातले दोष काढणाऱ्या धुराला) २४. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणजे रोजची नळी दीड हात. कारणही तिथेच दिलंय, की लांबून आलेला, नळीच्या पेरांमध्ये तुटलेला, बारीक झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही. वीतभर चिलमीत हे काहीच होत नाही, तुमच्या बाबांची जीभ पोळली ती उगाच नव्हे. आणखी एक: धूर नाकानं घेतला तरी सोडायचा तोंडानंच, नाकानं सोडला तर डोळ्यांना इजा होते असं बजावलंय.

शिवाय कुणी करू नये याची यादी मोठी आहे. गर्भिणी, थकलेला, तहानलेला, चक्कर येणारा, दारू प्यालेला; टाळूला कोरड असताना नाही, नजर अंधारलेली असताना नाही. काकांना काल रात्रीपासून नेमकी हीच दोन लक्षणं होती. वाग्भटानं अठरा वर्षांखालच्यांना धूम वर्ज्य केलाय. सुश्रुतानं खोकल्यासाठी कासघ्न धूम वेगळा सांगितला, पण त्याच्या द्रव्यांत मनःशीळ आहे, म्हणजे सोमलाचं (आर्सेनिकचं) खनिज. घरी करून पाहण्याची ती गोष्टच नाही.

आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर, चाळीस वर्षं बीडीचा धूर घेतलेल्या फुफ्फुसाला मी कुठलाच धूर सांगणार नाही. तुळस जळली तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड होतंच, तंबाखू नसली म्हणजे फक्त निकोटीन नसतं. आयुर्वेदाचंच औषध हवं असेल तर सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाची ओपीडी आहे, तिथे दाखवा. पण आधी स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकर मारायची साधी तपासणी असते, फुफ्फुस किती अडलंय ते कळतं.

पळसफूल (मंगळवार, रात्री ९.१०)

बाबा आज दुपारी घरी आले. उशीर केला, माफ करा, दोन दिवस फोन हातात घ्यायचं भान नव्हतं.

कॅज्युअल्टीत नळी घातली तेव्हा जवळजवळ सव्वा लिटर लघवी निघाली. डॉक्टरांनी बिया कागदावर बघितल्या आणि लगेच कळलं त्यांना. रविवारी रात्री बाबा मला ओळखत नव्हते. भिंतीकडे बघून आबाजींना सांगत होते की बैल सुटलेत, बांधा. मी त्यांचा हात धरून बसले होते. पहाटे पाचला त्यांनी पाणी मागितलं आणि माझं नाव घेतलं. नळी अजून आठवडाभर ठेवायची आहे. स्पायरोमेट्री पुढच्या आठवड्यात.

तिसरा_प्रहर ताई, डॉक्टर म्हणाले सोमवारपर्यंत थांबला असतात तर मूत्रपिंडावर गेलं असतं. मी ती ओळ अगदी शेवटी, सहज लिहिली होती.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगायलाच हवी. आज घरी आल्यावर बाबांना आठवलं की पुडी एकटीच नव्हती. त्यांच्याबरोबर ओट्यावर बसणाऱ्या दोघांनीही त्याच दिवशी, त्याच माणसाकडून घेतली होती. मी आणि भाऊ तसेच उठून गेलो. एका काकांनी अजून उघडली नव्हती. दुसऱ्यांनी थोडी चहात टाकून प्यायला काढून ठेवली होती, आज रात्रीसाठी. दोन्ही पुड्या आमच्याकडे आहेत. दोन्हींत बिया आहेत, एकीत तर मी मोजायचं सोडून दिलं. तो माणूस काल-आज बसलेला दिसला नाही. पुड्या घेऊन भाऊ उद्या पोलीस ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाणार आहे.

नागपुरात कुणाच्या घरी हिरव्या प्लास्टिकच्या पिशवीत, स्टेपल मारलेली, वर काहीच न लिहिलेली खोकल्याची पुडी असेल तर आज रात्रीच पांढऱ्या कागदावर पसरून बघा.

चिलीम मी चिंधीनं पुसून घेतली. चार चिंध्या काळ्या निघाल्या, पाचवी जरा बरी. विस्तवात नाही घातली, बाबा नको म्हणाले, आबाजींचा वास जाईल. पटक्यात गुंडाळून परत पेटीत ठेवलीय. खडा बाबांनी मागून घेतला, सदऱ्याच्या खिशात ठेवलाय.

तिसरा_प्रहर (९.२६)

देवाची कृपा. नळी असेपर्यंत पाणी भरपूर पाजत राहा, आता चालेल. लघवीची पिशवी कंबरेच्या खाली लोंबती राहू दे. ताप आला किंवा लघवी गढूळ दिसली तर आठवडा संपायची वाट न बघता परत ने. आणि त्या दुसऱ्या काकांनी चहात आधी कधी टाकली होती का, ते नीट विचारून घे. पुरुष माणसं सांगत नाहीत.