बुडणारी मोटार कंपनी सरकारने वाचवावी का, आणि वाचवली तर नेमके कोण वाचते?

भोसरीचा पत्रेवाला

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझे लहानसे प्रेसशॉप आहे. तीन पॉवर प्रेस, चौदा माणसे आणि गाडीच्या सीटखाली लागणाऱ्या ब्रॅकेटांचे काम, एवढाच पसारा. चाकणच्या पट्ट्यातली एक कंपनी, जिचे नाव इथे घेणे योग्य नाही, आमच्याकडून हे ब्रॅकेट घेऊन सीटच्या सांगाड्याला जोडायची आणि पुढे मोटार कंपनीला द्यायची. मोटार कंपनीने ते मॉडेल बंद केले, आमचे शेड्यूल आधी निम्म्यावर आणि मग शून्यावर आले, आणि गेल्या महिन्यात हे गिऱ्हाईक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. माझे 41 लाख रुपये तिथे अडकले आहेत.

पैशापेक्षा मनाला लागली ती गोष्ट वेगळी आहे. प्रक्रिया सुरू झाल्यावर आठवड्याभरात दोन माणसे टेम्पो घेऊन आली आणि माझ्या शेडमधल्या सहा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, उचलून घेऊन गेली. प्रत्येक डायवर त्यांच्या कंपनीची पितळी पट्टी आहे, म्हणजे मालकी त्यांची, हे मला मान्य आहे. परंतु पाच वर्षे त्यांचे पंच बदलणे, धार लावणे, पावसाळ्यात ग्रीस थापून ठेवणे हे सारे मीच केले होते. शेवटच्या लॉटचे 2,800 ब्रॅकेट तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अजून कोपऱ्यात पडून आहेत.

अमेरिकेत 2008-09 साली सरकारने मोटार कंपन्यांना अब्जावधी डॉलर देऊन वाचवले, हे सर्वांना ठाऊक आहे. माझा मुलगा म्हणतो की बाजारात जो बुडतो त्याला बुडू द्यावे, नाहीतर शहाणपण येत नाही. मला त्याचे म्हणणे खोडता येत नाही, पण पटतही नाही. जाणकारांनी सांगावे, की सरकारने अशा वेळी हात द्यावा का, आणि दिला तर तो पैसा माझ्यासारख्या तिसऱ्या पायरीवरच्या माणसापर्यंत कधी पोहोचतो का?

हिशेबनीस

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, म्हणून अमेरिकेत प्रत्यक्षात काय घडले ते जरा तपशिलाने सांगतो. ‘सरकारने जनरल मोटर्सला वाचवले’ हे वाक्य आपण फार सैलपणे वापरतो.

नोव्हेंबर 2008 मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले ते आपापल्या खाजगी विमानांनी, आणि त्यावरून त्यांची जी शोभा झाली ती व्हायचीच होती. डिसेंबरमध्ये मदतीचे विधेयक सिनेटमध्ये अडले. तेव्हा अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या निधीतून 17.4 अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. ओबामा आल्यावर कंपन्यांनी दिलेले पुनर्रचनेचे आराखडे अपुरे ठरवण्यात आले, जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना मार्च 2009 मध्ये पद सोडावे लागले, आणि 1 जून रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. चाळीस दिवसांनी, 10 जुलैला, कारखाने आणि चांगले ब्रँड घेऊन एक नवी कंपनी न्यायालयातून बाहेर पडली आणि तिचा सुमारे 61 टक्के हिस्सा अमेरिकी सरकारकडे होता.

आता यात कोण वाचले ते पाहा. जुन्या भागधारकांच्या हाती काहीही उरले नाही. सुमारे 27 अब्ज डॉलरचे रोखे असणाऱ्यांना नव्या कंपनीचा 10 टक्के हिस्सा आणि काही वॉरंट, म्हणजे पुढे ठरल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क, मिळाले. पॉन्टिअॅक आणि सॅटर्न हे ब्रँड बंद झाले, शेकडो डीलरांची दुकाने गेली. सरकारने एकट्या जनरल मोटर्समध्ये साडेएकोणपन्नास अब्ज डॉलर घातले आणि डिसेंबर 2013 मध्ये शेवटचा शेअर विकला तेव्हा दहा अब्जांहून अधिक तोटा पदरात घेतला. म्हणजे हे दान नव्हते, पण फायद्याचा सौदाही नव्हता.

आपल्या कामाची गोष्ट मात्र पुढे आहे. मार्च 2009 मध्ये अमेरिकी अर्थखात्याने केवळ सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी पाच अब्ज डॉलरची वेगळी योजना आणली. माल पाठवला, पण गिऱ्हाईक पैसे देण्याआधीच बुडाले तर काय, या भीतीपोटी बँका पुरवठादारांच्या बिलांवर पैसे देईनात. तेव्हा त्या बिलांमागे सरकार उभे राहिले. प्रत्यक्षात 41 कोटी डॉलरच्या आसपासच रक्कम वापरली गेली आणि ती परतही आली. सरकार मागे उभे आहे एवढ्यानेच पुष्कळसे काम झाले असावे, असे माझे मत आहे.

फोर्डने बँकांसाठीच्या निधीतला तो पैसा घेतला नाही, कारण 2006 मध्येच तिने कारखान्यांपासून आपल्या निळ्या लंबगोल बोधचिन्हापर्यंत सारे गहाण टाकून सुमारे साडेतेवीस अब्ज डॉलरची सोय करून ठेवली होती. तरीही फोर्डचे प्रमुख अॅलन मुलाली काँग्रेससमोर प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या असे सांगायला गेले. त्यांचा हिशेब सरळ होता. तिघांचेही पुरवठादार बहुतांशी तेच होते. जनरल मोटर्स अचानक पडली तर पत्रेवाला पडेल, आणि पत्रेवाला पडला की फोर्डचीही लाइन थांबेल.

तिसरी पाळी

मी पिंपरीतल्या एका मोटार कारखान्यात 31 वर्षे काढून निवृत्त झालो. हिशेबनीसांनी भागधारक, रोखेधारक आणि पुरवठादार यांचे सांगितले. कामगारांचे राहिले, ते मी सांगतो.

अमेरिकेत कामगार संघटनेने निवृत्तांच्या दवाखान्याच्या खर्चाची जबाबदारी एका विश्वस्त निधीकडे सोपवायला मान्यता दिली होती, आणि त्या निधीला रोख रकमेचा मोठा भाग न देता नव्या कंपनीचे 17.5 टक्के शेअर देण्यात आले. शिवाय नव्याने लागणाऱ्या कामगाराला जुन्याच्या जवळपास निम्मा मजुरीचा दर, ही 2007 च्या करारातली व्यवस्था पुढे अधिकच पक्की झाली. एकाच लाइनवर, एकच बोल्ट आवळणारे दोघे, आणि पगार दोन. चाकण-पिंपरीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. सात महिने काम आणि मग ब्रेक अशा बोलीवरची पोरे इथे कित्येक वर्षे लाइन चालवत आली आहेत, आणि त्यासाठी कुठल्याही बेलआउटचे, म्हणजे बुडत्याला दिलेल्या सरकारी मदतीचे, निमित्त लागले नाही.

2008 ची दिवाळी सरल्यावर आमच्याकडे ब्लॉक क्लोजरच्या, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवण्याच्या, नोटिसा लागू लागल्या. आम्हा कायम कामगारांची रजा कापली जाई, पण पगार हातात पडे. टेम्पररी पोरांना गेटवरूनच परत पाठवत. अशा दिवशी पहाटे पाचला कंपनीच्या बसथांब्यावर सामसूम असे, आणि कोपऱ्यावरचा चहावाला आदल्या रात्रीच विचारून ठेवी, ‘उद्या बंद आहे का हो, म्हणजे दूध कमी घेतो.’ मदत द्यायची की नाही याचा विचार करताना साखळी त्या चहावाल्यापर्यंत जाते हे लक्षात घ्यावे, इतकेच म्हणणे आहे.

टिळक रोड

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु दोघांनीही यशस्वी ठरलेले एकच उदाहरण घेतले आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार होण्याचे परिणाम पाहायचे असतील तर इंग्लंडकडे पाहावे. 1975 साली तिथल्या सरकारने ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी ताब्यात घेतली आणि पुढची कित्येक वर्षे तिच्यात करदात्यांचा पैसा ओतला. 1988 मध्ये ती, एव्हाना रोव्हर या नावाने चालणारी, ब्रिटिश एरोस्पेसला विकली, 1994 मध्ये बीएमडब्ल्यूने घेतली, 2000 मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हरचा कारभार अवघ्या दहा पौंडांना काही स्थानिक उद्योजकांच्या गळ्यात घातला, आणि एप्रिल 2005 मध्ये तिचा लाँगब्रिजचा कारखाना बसला. तीस वर्षांचे घोंगडे, आणि शेवट तोच.

पुणेकरांना ठाऊक असावा असा एक तपशील इथे सांगितलाच पाहिजे. अखेरच्या काळात स्वतःची नवी छोटी गाडी घडवण्याइतके पैसे रोव्हरकडे उरले नव्हते, म्हणून 2003 पासून ती कंपनी आपल्या पिंपरीत तयार झालेली इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने इंग्लंडमध्ये विकत होती. ज्या देशाच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपण अॅम्बॅसडर बनवली, त्या देशात पिंपरीची गाडी नाव बदलून गेली.

अॅम्बॅसडरचे तरी वेगळे काय झाले? तिला कोणी रोख पैसे दिले नाहीत, पण परवान्यांची आणि आयातबंदीची भिंत दिली. त्या भिंतीआड गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे, त्यामुळे गाडी सुधारण्याचे कारणच उरले नाही. आणि 2014 च्या मे महिन्यात तिच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातले उत्पादन थांबले. क्रायस्लरलाही 1980 च्या सुमारास दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली होती. तिचे तेव्हाचे प्रमुख ली आयाकोका यांनी ते कर्ज 1983 मध्ये, मुदतीच्या कितीतरी आधी फेडले, म्हणून आजही त्यांचे गोडवे गायले जातात. मात्र तीस वर्षांच्या आत तीच कंपनी पुन्हा त्याच दारात उभी होती. पत्रेवाल्यांचे दुःख खरे आहे, तरीही त्यांच्या चिरंजीवांशी मी सहमत आहे.

हिशेबनीस

टिळक रोड यांचा अॅम्बॅसडरचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याच मुद्द्यावरून मी उलट्या निष्कर्षाला येतो. आपल्याकडे बेलआउट नाहीत, असे आपण समजतो. आपल्याकडे ते नाव न घेता होतात.

मारुतीचेच पाहा. बंद पडलेली कंपनी 1980 मध्ये कायदा करून सरकारने ताब्यात घेतली, 1982 मध्ये सुझुकीला 26 टक्के हिस्सा देऊन तंत्रज्ञान आणले आणि डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी बाहेर काढली. तिथे सरकारने पैशाबरोबर अटीही घातल्या: सुटे भाग हळूहळू इथेच बनले पाहिजेत. त्या अटीतून सुट्या भागांचा अख्खा धंदा उभा राहिला, आणि 2007 मध्ये सरकार आपला उरलेला हिस्सा विकून मोकळे झाले. ब्रिटिश लेलँड आणि मारुती या दोन्हींत सरकारी पैसाच होता. फरक अटींचा आणि जोडीदाराचा होता.

नंतरची मदत मात्र बहुतांशी बिनअटींची आहे. डिसेंबर 2008 मध्ये अबकारी कर चार टक्क्यांनी उतरला, तो सर्वांसाठी सरसकट. तयार गाड्यांवर 60 ते 100 टक्क्यांपर्यंतचे आयातशुल्क वर्षानुवर्षे राहिले. राज्य सरकारे मोठ्या प्रकल्पांना कराचा परतावा देतात. सप्टेंबर 2021 मध्ये मंजूर झालेली 25,938 कोटींची उत्पादन प्रोत्साहन योजना घ्या. तिच्यात सुटे भाग बनवणाऱ्याला शिरायचे असेल तर समूहाची उलाढाल किमान 500 कोटी हवी. पत्रेवाले त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. 2020 मधल्या टाळेबंदीत सरकारी हमीचे कर्ज लहान उद्योगांना मिळाले, हे खरे आणि ते चांगलेच झाले. पण ते कर्ज होते, अडकलेले बिल नव्हते.

अटींना खरे तर कंपन्याही घाबरतात. टाटा मोटर्सने जून 2008 मध्ये 2.3 अब्ज डॉलरला जग्वार लँड रोव्हर घेतली आणि त्या आर्थिक वर्षात 2,505 कोटींचा एकत्रित तोटा सोसला. तेव्हा युरोपीय गुंतवणूक बँकेच्या 34 कोटी पौंडांच्या कर्जासाठी ब्रिटिश सरकारच्या हमीची बोलणी महिनोन्‌महिने चालली. अखेर सरकारच्या अटी न पटल्याने टाटांनी ती हमी न घेता इतरत्र पैसा उभारला. ज्याला दुसरा मार्ग आहे तो अटींचा पैसा घेत नाही, आणि मदतीची गरज खरी आहे की नाही याची ही बऱ्यापैकी परीक्षा आहे.

तेव्हा माझे उत्तर असे, की सरकारने कंपनी वाचवण्याच्या भरीस न पडता बिले वाचवावीत. मालक बदलू द्या, भागधारक बुडू द्या, पण पाठवलेल्या मालाच्या पैशामागे काही काळ उभे राहा.

भोसरीचा पत्रेवाला

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला हे सारे वाचायला दिले. तो टिळक रोड यांचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवतो आहे. आता एक व्यवहाराचे विचारतो. या घटकेला माझ्या हातात काय आहे?

हिशेबनीस

थोडक्यात सांगतो. आपण ‘ऑपरेशनल’ धनको, म्हणजे मालाचे पैसे येणे असलेले, आहात. दावा फॉर्म ‘बी’ मध्ये, दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, जाहीर सूचनेतल्या मुदतीत करावा. सोबत डिलिव्हरी चलन, ई-वे बिल आणि गेटवर शिक्का मारलेल्या पोचपावत्या जोडाव्यात. लहान उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर 45 दिवसांपुढच्या थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ असे व्याज कायद्याने लागते. प्रक्रिया सुरू झाल्याच्या दिवसापर्यंतचे ते व्याजही दाव्यात धरावे. मात्र फार आशा बाळगू नये, कारण धनकोंच्या समितीत मत असते ते बँका आणि वित्तसंस्थांना.

एक गोष्ट विसरू नका. प्रक्रिया सुरू झाल्यानंतर कंपनी चालू ठेवण्यासाठी तिला जो माल दिला जातो त्याचे पैसे प्रक्रियेच्या खर्चात धरले जातात, आणि तो खर्च सर्व जुन्या देण्यांच्या आधी चुकता होतो. ते 2,800 ब्रॅकेट भंगारात घालू नयेत.

भोसरीचा पत्रेवाला

आज दुपारी त्यांच्या स्टोअरमधून फोन आला. सर्व्हिस पार्टसाठी 2,000 ब्रॅकेट तातडीने हवे आहेत, आणि डाय त्यांच्याकडे असल्या तरी त्या बसवणारे प्रेस त्यांच्याकडे नाहीत. पैसे खात्यात जमा झाल्यावरच टेम्पो भरेन, असे मी ई-मेलने कळवले आहे. उत्तराची वाट पाहतो आहे; दरम्यान पोरांना वरच्या थराचे प्लॅस्टिक काढून गंज आला आहे का ते तपासायला लावले आहे.